शिडाच्या बोटीचा विमा: पहिल्या पानावरचा आकडा आणि हातात पडणारे पैसे

अमेरिकेत शिडाची बोट विकत घेणं फारसं अवघड नाही. तीस-पस्तीस वर्षं जुनी, तीस फुटी, फायबरग्लासची बोट सेकंडहँड मोटारीच्या किमतीत मिळते. खरी वही उघडते ती पुढे. मरिनात, म्हणजे बोटी बांधून ठेवायच्या धक्क्यावर, जागा मागायला गेलं की ऑफिसातून पहिली मागणी विम्याच्या कागदाची होते आणि त्या कागदावर किमान ३ लाख, हल्ली बऱ्याच ठिकाणी ५ लाख डॉलरचं लायबिलिटी कव्हर, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीची भरपाई, दिसावं लागतं. कायद्याची सक्ती म्हणाल तर ती जवळपास नाहीच. आर्कान्सा आणि युटा या राज्यांत आहे, पण ती मोटरबोटींसाठी. शिडाच्या बोटीला विमा घ्यायला लावतात ते मरिनावाले आणि कर्ज देणारी बँक.

न्यू जर्सी, मेरीलँड, टेक्सस किंवा फ्लोरिडात राहून कुणी पहिली बोट बघत असेल, तर त्यानं एक गोष्ट आधीच ध्यानात घ्यावी. दोन कोटेशन हातात आली की माणूस प्रीमियम आणि बोटीची विमा-किंमत एवढंच बघतो. नुकसान झाल्यावर किती पैसे मिळतील हे त्या दोन आकड्यांवरून कळत नाही. ते कळतं आतल्या पानांवरून: किंमत कुठल्या पद्धतीनं धरली आहे, वजावट किती, भग्न बोट उचलायचा खर्च कुठल्या खात्यातून जातो, बोट कुठे आणि कोणत्या महिन्यात असली तर चालते आणि तुम्ही कसली लेखी हमी दिली आहे. स्वस्त पॉलिसी बहुतेक वेळा यांपैकी एखाद्या कलमामुळेच स्वस्त झालेली असते.

घराच्या पॉलिसीत बोट बसते का?

बसते, पण अगदी कडेला. अमेरिकेतल्या नेहमीच्या घर-विम्यात बोट, तिचं सामान आणि ट्रेलर मिळून साधारण १,५०० डॉलरपर्यंत भरपाई असते. घराच्या आवाराबाहेरून बोट चोरीला गेली तर तीही नाही, आणि वाऱ्यानं नुकसान झालं तर बोट बंद छपराखाली असायला हवी. लायबिलिटी मात्र बऱ्याच पॉलिसींत २६ फुटांपेक्षा लहान शिडाच्या बोटीला लागू होते. तळ्यात चालवायच्या चौदा फुटी डिंगीला एवढं पुरतं. खाऱ्या पाण्यात मरिनात ठेवायच्या बोटीला स्वतंत्र पॉलिसीच लागते.

या स्वतंत्र पॉलिसीत मुख्य खाती दोन. एक हल, म्हणजे तुमची स्वतःची बोट: सांगाडा, डोलकाठी, शिडं, इंजिन. दुसरं लायबिलिटी, म्हणजे तुमच्यामुळे दुसऱ्याचं जे नुकसान होईल ते. सागरी विम्यात याला ‘प्रोटेक्शन अँड इंडेम्निटी’ किंवा नुसतं पी अँड आय म्हणतात. त्याखाली लहान लहान खाती असतात: बोटीवरच्या माणसांचा औषधोपचार, विमा नसलेल्या बोटीनं धडक दिली तर त्याचं कव्हर, सांडलेल्या डिझेलची जबाबदारी, टोइंग, खाजगी सामान. औषधोपचाराचं खातं माणशी काही हजार डॉलरांचं असतं. अमेरिकेतल्या इस्पितळाची बिलं ज्यांनी पाहिली आहेत त्यांना ते किती पुरेल हे सांगायला नको. पाहुण्याच्या डोक्यात बूम, म्हणजे शिडाच्या खालच्या कडेचा आडवा दांडा, बसला, तर त्यापुढचा भार लायबिलिटीवरच येतो.

डिझेलचं खातं लोक वाचतही नाहीत. १९९० च्या तेल-प्रदूषण कायद्याखाली पाण्यात सांडलेल्या इंधनाची सफाई मालकाच्या अंगावर पडते आणि लहान बोटीलाही त्या कायद्यातली कमाल जबाबदारी १० लाख डॉलरांच्या आसपास जाते. चांगल्या पॉलिसीत हे कव्हर लायबिलिटीच्या रकमेबाहेर, वेगळं दिलेलं असतं.

ठरलेली किंमत की बाजारभाव

हलची किंमत धरायच्या दोन पद्धती आहेत. ‘अ‍ॅग्रीड व्हॅल्यू’मध्ये पॉलिसी घेतानाच आकडा ठरतो. बोट पूर्ण गेली तर तोच आकडा मिळतो, घासाघीस नाही. ‘अ‍ॅक्च्युअल कॅश व्हॅल्यू’मध्ये बोट बुडण्याच्या आदल्या दिवशी बाजारात तिचे काय आले असते ते बघतात, आणि जुन्या बोटीच्या बाबतीत ती रक्कम काढण्याचं काम कंपनीचा माणूस करतो. दुसरी पद्धत स्वस्त पडते. जुनी पण मनापासून राखलेली बोट असेल तर ती घेऊ नये, कारण नवीन इंजिनावर घातलेले बारा हजार डॉलर बाजारभावात निम्मेसुद्धा दिसत नाहीत.

अ‍ॅग्रीड व्हॅल्यू घेतली म्हणजे निश्चिंत, असंही नाही. तो आकडा बोट पूर्ण गेल्यावरचा. बोट अर्धवट मोडली तर बहुतेक पॉलिसींत शिडं, कॅनव्हास, डोलकाठीला ताणून धरणाऱ्या तारा, बॅटऱ्या आणि आउटबोर्ड (बोटीच्या मागे बाहेरून लावायचं इंजिन) यांच्यावर घसारा लागतोच. कोणत्या वस्तूचं आयुष्य किती वर्षं धरायचं त्याचा तक्ता पॉलिसीत असतो.

हिशेब करून पाहू. समजा, १९८९ ची ३२ फुटी बोट, अ‍ॅग्रीड व्हॅल्यू ४०,००० डॉलर. वावटळीत डोलकाठी मोडली. डोलकाठी आणि बूम १२,०००, तारा ४,०००, मोठं शीड ३,५००. एकूण बिल १९,५००. डोलकाठी आणि बूमचे पैसे पूर्ण मिळाले. तारा नऊ वर्षं जुन्या, तक्त्यात आयुष्य पंधरा, म्हणजे उरले चाळीस टक्के: १,६००. शीड सहा वर्षांचं, आयुष्य दहा, तेही चाळीस टक्के: १,४००. झाले १५,०००. त्यातून डिडक्टिबल, म्हणजे मालकानं सोसायची वजावट, विमा-किमतीच्या २ टक्के: ८००. हातात १४,२००, खिशातून ५,३००. यात कुणी कुणाला फसवलेलं नाही, सगळं पॉलिसीत लिहिलेलं होतं.

डिडक्टिबल टक्क्यांत असते तेव्हा ती नुकसानाच्या टक्क्यांत नसून विमा-किमतीच्या टक्क्यांत असते, इथे बरेच जण चुकतात. वादळासाठी ती वेगळी असते. वरचंच नुकसान नाव मिळालेल्या वादळात झालं आणि त्याची डिडक्टिबल १० टक्के असेल, तर ४,००० वजा होऊन हातात ११,००० येतात. वीज पडण्याला काही कंपन्या आणखी निराळी डिडक्टिबल लावतात, फ्लोरिडात तर हटकून. उंच डोलकाठी असल्यावर ते ओघानं आलंच.

बुडालेली बोट उचलायचे पैसे कोण देणार?

कोटेशन घेताना एजंटला एकच प्रश्न विचारायची मुभा असेल, तर हा विचारावा.

बोट बुडाली किंवा किनाऱ्यावर आपटून फुटली की तिची किंमत संपते, पण मालकी संपत नाही. तटरक्षक दल किंवा राज्य सरकार सांगतं, तुमचा सांगाडा उचला. त्यासाठी बार्ज, क्रेन, डायव्हर आणि शेवटी कचरा-डेपोची फी लागते. मोडकी बोट उचलायला चांगल्या बोटीच्या किमतीएवढा खर्च येऊ शकतो. समजा, तो २२,००० डॉलर आला. काही पॉलिसींत हा खर्च हलच्याच रकमेतून वजा होतो: ४०,००० मधून २२,००० गेले, बोटीचे म्हणून १८,००० मिळाले. दुसऱ्या पॉलिसीत भग्नावशेष हटवणं लायबिलिटीच्या खात्यात असतं आणि बोटीचे ४०,००० शाबूत राहतात. या दोन पॉलिसींच्या प्रीमियममध्ये तफावत असली तरी ती अशी बावीस हजारांची नसते. फक्त लायबिलिटी घेतली असेल, तरी त्यात भग्नावशेष हटवणं आहे का ते पाहावं. दहा हजारांची जुनी बोट असणाऱ्याचं हल-कव्हरवाचून अडणार नाही. भग्नावशेषाच्या कव्हरवाचून मात्र तो गोत्यात येईल.

याच्याच जोडीचा विषय साल्व्हेजचा. टोइंग आणि साल्व्हेज या वेगळ्या गोष्टी आहेत. इंजिन बंद पडलं, वारा नाही, बोट सुरक्षित तरंगते आहे. तिला ओढून आणलं तर ते टोइंग, दर तासाचा. वर्गणीदारांना टो-बोट-यूएस किंवा सी-टो या बोटी ओढून आणणाऱ्या संस्थांची सेवा त्या वर्गणीतच मिळते. पण बोट खडकावर असेल, पाणी भरत असेल, म्हणजेच धोक्यात असेल, तर ती वाचवणारा साल्व्हेजचा दावा करू शकतो. तिथे दर तासाचा हिशेब नसतो. बोट वाचली तरच मोबदला आणि तो वाचलेल्या किमतीच्या प्रमाणात. म्हणून दोर हातात घेण्याआधी स्पष्ट विचारायचं: ‘हे टोइंग आहे की साल्व्हेज? रक्कम किती?’ जीवाला धोका नसेल तर आकडा ठरल्याशिवाय सही करायची नाही, आणि शक्य असेल तर आधी विमा कंपनीला फोन लावायचा. वाळूवर अलगद टेकलेली बोट आणि लाटांत आपटणारी बोट यांत वर्गणीचे नियम फरक करतात, तोही आधी वाचून ठेवावा.

नकाशावरची रेघ

प्रत्येक पॉलिसीत बोट कुठे फिरवायची याची हद्द असते. ‘अमेरिकेचा किनारा आणि आतली पाणवाट, किनाऱ्यापासून अमुक मैल’ अशी. हद्दीबाहेर असताना नुकसान झालं तर कव्हर नाही, मग कारण काहीही असो. बहामाला जायचं तर निघण्यापूर्वी वाढीव कव्हर घ्यावं लागतं. अशा वेळी कंपनी खलाशाचा अनुभव विचारते, आणि लांबच्या पल्ल्याला एकट्यानं रात्रीचं चालवायचं असेल तर बहुतेक कंपन्या नाही म्हणतात.

हद्दीत तारखाही असतात. अटलांटिकचा चक्रीवादळांचा मोसम १ जून ते ३० नोव्हेंबर. कॅरिबियनमध्ये फिरणाऱ्या बोटींना त्या काळात अमुक अक्षांशाच्या उत्तरेला, नाही तर दक्षिणेला राहा असं सांगितलेलं असतं. उत्तरेची रेघ बऱ्याच वेळा फ्लोरिडा-जॉर्जिया सीमेजवळ, ३१ अंशांच्या आसपास. दक्षिणेची कॅरिबियनमधल्या ग्रेनाडा या बेटाजवळ, १२ अंशांच्या आसपास. म्हणून उन्हाळ्यात ग्रेनाडात बोटींची दाटी होते. समुद्राला अर्थात ही रेघ माहीत नाही. सप्टेंबर २००४ मध्ये आयव्हन हे चक्रीवादळ थेट ग्रेनाडावर आलं आणि १ जुलै २०२४ ला बेरिल चौथ्या श्रेणीचं वादळ होऊन ग्रेनाडाच्याच कॅरियाकू बेटावर धडकलं. तिथल्या खारफुटीत आसऱ्याला नेलेल्या बोटीसुद्धा वाचल्या नाहीत. रेघ पाळली की कव्हर शाबूत राहतं. बोट शाबूत राहील याची ती हमी नाही.

वादळाच्या कलमात शब्द मोजून वाचावेत. ‘हरिकेन डिडक्टिबल’ आणि ‘नेम्ड स्टॉर्म डिडक्टिबल’ यांत मोठं अंतर आहे. ताशी ३९ मैल वारा झाला की उष्णकटिबंधीय वादळाला नाव मिळतं. हरिकेन व्हायला ७४ मैल लागतात. २९ ऑक्टोबर २०१२ ला सँडी हे वादळ न्यू जर्सीच्या किनाऱ्यावर आलं तेव्हा हवामान खात्याच्या लेखी ते हरिकेन उरलं नव्हतं. त्या कारणानं न्यू जर्सी आणि न्यूयॉर्कमध्ये घरमालकांना हरिकेन डिडक्टिबल लावू दिली गेली नाही. कलमात ‘नाव मिळालेलं वादळ’ असे शब्द असते, तर ती पळवाट नव्हती. वादळाला नाव पडल्यावर नवीन पॉलिसी काढायला किंवा कव्हर वाढवायला जाऊ नये. कंपन्या तोवर खिडकी बंद करतात.

फ्लोरिडा आणि मेक्सिकोच्या आखाताच्या किनाऱ्यावर बऱ्याच विमा कंपन्या ‘हरिकेन प्लॅन’ लेखी मागतात. बोट कुठल्या यार्डात वर काढणार, नाही तर कुठे बांधणार, किती आणि किती जाडीचे दोर, काम कोण करणार. तुम्ही गावाला गेलात तर दुसरा कोण, हेही. हा फॉर्म उगाच भरायचा नाही, कारण त्यात ‘पुढचं शीड उतरवीन’ लिहिलं आणि उतरवलं नाही, तर क्लेमच्या वेळी तोच कागद समोर येतो. हे शीड उतरवायला वीस मिनिटं लागतात. गुंडाळून दोरीनं आवळलेलं शीड साठ-सत्तर मैलांच्या वाऱ्यात हमखास सुटतं, फडफडून फाटतं आणि बोटीला स्टँडवरून पाडू शकतं. वादळाचा इशारा आल्यावर बोट वर काढली तर तो निम्मा खर्च, ठरावीक मर्यादेपर्यंत, देणाऱ्या पॉलिसी आहेत. हे कलम असेल तर त्याचा फायदा घ्यावा.

लिहून दिलेली हमी

सागरी विम्यात दोन्ही बाजूंनी पराकोटीचा प्रामाणिकपणा गृहीत धरलेला असतो. अर्जात जुना अपघात लपवला, बोटीवर मुक्काम करून राहत असताना ‘शनिवार-रविवार वापर’ लिहिलं, भाड्यानं देत असताना खाजगी म्हटलं, तर पॉलिसी मुळापासून रद्द होऊ शकते.

हमीचं कलम, वॉरंटी, त्याहून कडक. २०१९ साली फ्लोरिडातल्या फोर्ट लॉडरडेलजवळ एक यॉट जमिनीला लागली. पेनसिल्व्हेनियातल्या रेडर्स रिट्रीट रिअल्टी या कंपनीच्या मालकीची ती यॉट, विमा साडेपाच लाख डॉलरांपर्यंतचा. आग कुठेच लागली नव्हती. पण अग्निशामक उपकरणं वेळच्या वेळी प्रमाणित करून घेतलेली नाहीत, म्हणजे वॉरंटी मोडली, असं म्हणून ग्रेट लेक्स इन्शुरन्स कंपनीनं भरपाई नाकारली. भांडण कुठल्या राज्याचा कायदा लागू होतो यावरून सर्वोच्च न्यायालयात गेलं. २१ फेब्रुवारी २०२४ ला नऊ विरुद्ध शून्य असा निकाल लागला: पॉलिसीत न्यूयॉर्कचा कायदा लिहिला आहे, तर सर्वसाधारणपणे तोच चालेल. कुठल्या राज्याचा कायदा, ही शेवटच्या पानावरची एक ओळ. कोर्टात तीच निर्णायक ठरली.

भारतात बोट ठेवणाऱ्यांनीही हे वाचून सोडून देऊ नये. १९६३ चा आपला सागरी विमा कायदा ब्रिटनच्या १९०६ च्या कायद्यावर बेतलेला आहे. त्यात वॉरंटी तंतोतंत पाळावी लागते, मग तिचा धोक्याशी संबंध असो वा नसो. ब्रिटननं २०१५ च्या कायद्यानं हा नियम सैल केला. आपल्याकडे जुनाच मजकूर आहे.

सर्व्हे आणि झीज

बोट साधारण दहा-पंधरा वर्षांपुढची असेल तर कंपनी ‘कंडिशन अँड व्हॅल्यू’, म्हणजे बोटीची अवस्था आणि किंमत तपासणारा, सर्व्हे मागते आणि पुढे दर काही वर्षांनी पुन्हा. फुटामागे साधारण २० ते ३० डॉलर पडतात. बोट पाण्याबाहेर काढायचे वेगळे. सर्व्हेअर ‘सॅम्स’ किंवा ‘नॅम्स’ या संघटनांपैकी एकीचा सभासद असावा, नाही तर अहवाल परत येतो. अहवालातल्या तातडीच्या सूचना पूर्ण करून तसं सही करून द्यावं लागतं. न करता सही दिली, तर ती खोटी माहिती.

सर्वात जास्त क्लेम कुठे अडत असतील तर झिजेवर. गंज, इलेक्ट्रोलिसिस, लाकडातली कीड, फायबरग्लासचे फोड, गोठून फुटलेलं इंजिन हे नेहमीचे अपवाद. डोलकाठीच्या तारा ज्या स्टीलच्या पट्ट्यांना बांधतात त्या चेनप्लेट डेकमधून आत जातात. डेकच्या जाडीत अडकलेल्या भागाला हवा लागत नाही, पाणी मात्र झिरपतं, आणि स्टेनलेस स्टील तिथेच आतून चिरत जातं. वरून पट्टी चकचकीत. ती तुटून डोलकाठी पडली की कंपनीचा माणूस तुटलेलं टोक हातात घेऊन फोटो काढतो. भेगेचा पृष्ठभाग तपकिरी आणि डागाळलेला असेल तर तडा जुना, सगळा लख्ख असेल तर ताजा. तीन भाग तपकिरी आणि एक भाग लख्ख असेल, तर निष्कर्ष झीज असाच निघतो.

पण अपवादांतही दोन जाती आहेत. एकीत फक्त झिजलेला भाग वगळतात: चेनप्लेटचे पैसे नाहीत, पडलेल्या डोलकाठीचे मिळतात. दुसरीत झिजेमुळे पुढे जे काही झालं ते सगळंच वगळतात. पाण्याखालच्या भोकाला जोडलेला जुना होज फाटून बोट धक्क्यालाच बुडाली, तर पहिल्या पॉलिसीत चाळीस डॉलरचा होज तुमचा, बोट कंपनीची. दुसरीत दोन्ही तुमची. बोटी भर समुद्रात बुडतात त्यापेक्षा कितीतरी जास्त धक्क्याला बांधलेल्या असतानाच बुडतात, तेव्हा हे कलम गौण नाही. एजंटला ‘कॉन्सिक्वेन्शियल डॅमेज’ आहे का, हे याच शब्दांत विचारावं आणि उत्तर ईमेलवर घ्यावं.

खर्च किती आणि कुठे कमी करायचा

ढोबळ अंदाज असा: शांत पाण्यात, उत्तरेकडे, वर्षाला विमा-किमतीच्या १ ते २ टक्के. फ्लोरिडात आणि आखातावर याच्या दुप्पट-तिप्पट सहज. नुसती लायबिलिटी काही शे डॉलरांत येते. आकडा ठरतो तो बोटीचं वय, ती ठेवायची जागा, मालकाचा अनुभव आणि आधीचे क्लेम यांवर.

कोकण-गोव्याकडे पावसाळ्यात होड्या वर ओढून नारळी पौर्णिमेनंतर पाण्यात उतरवतात, तशा न्यू जर्सी-मेरीलँडकडे हिवाळाभर बोटी वर असतात. या काळाला ‘ले-अप’ म्हणतात आणि त्याची सूट मिळते. मात्र ले-अप १५ नोव्हेंबर ते १५ एप्रिल लिहिलं असेल आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात ऊन पडलं म्हणून कुणी फेरी मारून आला, तर त्या फेरीत कव्हर नाही.

पैसे वाचवायचेच असतील तर आपल्या बोटीच्या बाजूला वाचवावेत: डिडक्टिबल १ वरून २ टक्के, हलची किंमत वास्तवाला धरून. लायबिलिटी कापू नये. ३ लाखांवरून ५ लाखांवर जायला फरक थोडाच पडतो. अम्ब्रेला पॉलिसी, म्हणजे इतर पॉलिसींच्या लायबिलिटीवरची जादा पॉलिसी, असेल तर ती बोटीला लागू होते का आणि खाली किमान किती लायबिलिटी मागते, हे पाहून घ्यावं. शर्यतीत उतरणाऱ्यांनी शर्यतीतलं शीड-डोलकाठीचं नुकसान धरलं आहे का ते तपासावं; पुष्कळ पॉलिसींत ते नसतं किंवा अर्धवट असतं.

नुकसान झाल्यावर पहिलं काम ते वाढू न देण्याचं. तो पॉलिसीधारकाचा करारच आहे आणि त्याचा वाजवी खर्च कंपनी देते. खाऱ्या पाण्यात बुडालेलं डिझेल इंजिन वर आल्यावर काही तासांत गोड्या पाण्यानं धुऊन, तेल बदलून, फिरवून ठेवलं तर वाचतं. सर्व्हेअर सोमवारी येणार म्हणून तसंच ठेवलं तर सोमवारी ते भंगारात जातं आणि कंपनी विचारते, शुक्रवारी काय केलंत? फोटो आधी काढावेत, मोडलेला तुकडा फेकू नये, मेकॅनिकची पावती तारखेसह ठेवावी.